मिरची, हवालदार आणि सात खुणा

“काका, माझ्याकडे दोन जुन्या इलेक्ट्रिक गिटारी आहेत. त्या दोन्ही घेऊन खिडकीतली ती निळी मला द्याल का?”

प्रश्न मी विचारला खरा, पण पैज धडाम आणि सायरनची होती. धडाम आमच्या बँडमध्ये ड्रम वाजवते आणि सायरन गाते. ही नावं कशावरून पडली ते आमच्या इमारतीत कुणालाही विचारा. दोघी वाद्यांच्या दुकानाच्या काचेला नाक लावून बाहेर उभ्या होत्या आणि मी पाण्याच्या टाकीवरून उडी मारणार असल्यासारख्या माझ्याकडे बघत होत्या. त्यांचं म्हणणं, मी असं काही विचारूच शकत नाही. गेल्या वर्षापर्यंत ते खरं होतं. माझ्या बाकाचा खिळा वर आलाय हे सांगायला मी बाईंना चिठ्ठी लिहिली होती, आणि चिठ्ठी द्यायचं धाडस होईपर्यंत दोन स्कर्ट फाटले होते. पण यंदा मी बदलले आहे. यंदा मी ग्रंथपालबाईंना “तुमचा पंखा फार आवाज करतो” असं तोंडावर सांगितलेलं आहे.

पैजेत सगळं ठरलेलं होतं. मी विचारायचं. काकांनी हसायचं किंवा हाकलायचं. मी मान ताठ ठेवून बाहेर यायचं, आणि धडामने आठवडाभर माझं दप्तर उचलायचं.

दुकानदारकाकांनी एक चष्मा नाकावर आणि दुसरा कपाळावर लावला होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं आणि म्हणाले, “हो.”

“हो?”

“हो. घेऊन ये की.”

बस. सगळा घोटाळा इथून सुरू झाला. कारण आमच्या घरात “हो” हा शब्द असा सुटा, वर काही न गुंडाळता कुणी कधी वापरलेलाच नाही. मला सहलीला जायचं असेल तर आधी “कुठे”, मग “कुणाबरोबर”, मग “का”, मग “बघू”, मग “बाबांना विचार”, मग “आईला विचारलंस का” एवढी स्टेशनं लागतात, आणि तिथून पुढे गाडी बहुतेक वेळा जातच नाही. आणि हा अनोळखी माणूस एका दमात हो म्हणतो? मी मान ताठ ठेवूनच बाहेर आले, पण डोक्यात किडा शिरला होता.

“हो म्हणाला?” सायरन किंचाळली. (ती कुजबुजली, असं तिचं म्हणणं आहे.)

“मग त्यात काहीतरी गडबड आहे,” धडाम म्हणाली, आणि गडबडीचा फायदा घेऊन माझं दप्तर न उचलता पुढे चालू लागली.

आता गिटारींची ओळख करून देते, कारण यात खरा प्रश्न त्यांचाच आहे. पहिली लाल, तिचं नाव मिरची. ती मावशीची. मावशी परदेशी नर्स म्हणून गेली तेव्हा तिने कपाट आईला दिलं, कुंड्या शेजारणीला दिल्या आणि गिटार मला दिली. मी तेव्हा नऊ वर्षांची होते आणि गिटार माझ्याहून थोडीशीच बुटकी होती. दुसरा मातकट हिरव्या रंगाचा, जाडजूड, म्हणून हवालदार. तो मी भंगारवाल्याच्या गाडीवरून वाचवला. माझी बोटं पहिल्यांदा सोलली ती मिरचीवर, आणि मी पहिल्यांदा चारचौघांत काहीतरी वाजवलं ते हवालदारवर. मला जो काही धीटपणा आलाय तो या दोघांच्या मागे उभं राहून आलाय. हे मी घरी बोलत नाही, कारण मग आई डोळे पुसते आणि बाबा विषय बदलून गॅसच्या सिलेंडरवर जातात.

पण प्रेम आंधळं असलं तरी बहिरं नसतं. मिरची वाजवायला घेतली की सुरांच्या आधी, सुरांबरोबर आणि सुरांनंतर घूंऽऽ असा आवाज करते, आणि मनात आलं की मध्येच गप्प बसते. गेल्या वर्षी शाळेच्या वार्षिक कार्यक्रमात ती गाण्याच्या ऐन मध्यावर गप्प झाली. मुख्याध्यापिकाबाईंना वाटलं गाणं संपलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्या सभागृहाने वाजवल्या, पडदा पडला, आणि पडद्याच्या मागे सायरन उरलेली दोन कडवी गात राहिली. हवालदार गप्प बसत नाही, पण गुरगुरतो. यंदाचा कार्यक्रम बारा दिवसांवर होता. पुन्हा तसं झालं तर मी पुन्हा चिठ्ठ्या लिहायला लागेन याची मला खात्री होती. म्हणजे निळी मला हवी होती. आणि मिरची-हवालदार जाऊ नयेत असंही वाटत होतं. या दोन्ही गोष्टी एकाच पोटात असल्यामुळे त्या संध्याकाळी मी जेवले नाही, तर आईने थर्मामीटर आणला.

शेवटी सगळं सांगितलं. आई-बाबांनी एकमेकांकडे बघितलं.

इथे तुम्हाला आमच्या घरातल्यांची कामं माहीत हवीत. बाबा विमा कंपनीत दावे तपासतात. कुणाचं गोदाम जळलं, कुणाची गाडी ओढ्यात गेली, की बाबा जाऊन राख हुंगतात, चिखल बघतात, आणि माणूस खोटं बोलतोय का ते ठरवतात. आई दुसऱ्या एका शाळेत शिकवते, पण तिची खरी ख्याती परीक्षेच्या वर्गावर लक्ष ठेवण्याची आहे. टाचेत, पट्टीवर, पाण्याच्या बाटलीच्या कागदाच्या आतल्या बाजूला, कुठेही लिहिलेली कॉपी तिला सापडते. अशा दोन माणसांच्या पोटी मी जन्मले. साधा पोस्टमन पत्र देऊन गेला तरी आमच्याकडे “आज लवकर कसा आला?” यावर चर्चा होते.

“किती वेळ विचार करून हो म्हणाला?” बाबांनी विचारलं.

“विचारच नाही केला.”

बाबांनी चमचा खाली ठेवला. “जो माणूस विचार न करता हो म्हणतो, त्याची फाईल मी शेवटच्या पानापासून वाचतो.”

“हो म्हणताना बघत कुठे होता?” आईने विचारलं.

“खिडकीकडे.”

“आधी खिडकीकडे आणि मग तुझ्याकडे, की आधी तुझ्याकडे?”

“आई, मी दुकानात गेले होते, कॉपी पकडायला नाही.”

“सगळीकडे तेच असतं,” आई शांतपणे म्हणाली आणि मला कोशिंबीर वाढली.

दुसऱ्या दिवशी ही बातमी खालच्या मजल्यावरच्या सीलआजोबांपर्यंत पोहोचली. सीलआजोबा पार्सल कार्यालयातून निवृत्त झाले आहेत. छत्तीस वर्षं त्यांनी पार्सलांवर लाख ओतून मोहोर उठवली. आता पार्सलं येत नाहीत, पण हात स्वस्थ बसत नाही, म्हणून घरातल्या लोणच्याच्या बरण्यासुद्धा ते लाखेने बंद करतात आणि उघडताना आजी छिन्नी वापरते.

“तपासायला म्हणून ठेवून घेणार असेल,” आजोबा म्हणाले, “तर आतलं चांगलं काढून घेईल, टाकाऊ बसवून देईल, आणि म्हणेल, जमत नाही बुवा, घेऊन जा तुमच्या. माझ्यासमोर शिवणयंत्र म्हणून पाठवलेल्या पेटीत विटा निघाल्या आहेत, पोरी! हातातून गेलेल्या वस्तूवर खूण पाहिजे. आणि ती कुणाला माहीत नसली पाहिजे.”

मी हे वाक्य मनात कोरून ठेवलं. पुढे कळलं की ते बऱ्याच जणांनी कोरून ठेवलं होतं.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर मी दोघांना घेऊन दुकानात गेले. एक पाठीवर, एक हातात, म्हणजे रस्त्यातल्या प्रत्येक खांबाला एकदा तरी नमस्कार झाला. काकांनी दोन्ही गिटारी उलटसुलट करून बघितल्या. “पाणी पिऊन ये, दमलीस,” म्हणून मला मागच्या माठाकडे पाठवलं. मी परत आले तर ते मिरचीच्या तारांवरून बोट फिरवत होते आणि जरा जास्तच निरागस दिसत होते. मग त्यांनी एक छापील अर्ज काढला. त्याचं नाव “अदलाबदल अर्ज”. तीन प्रती, अकरा कलमं, अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची सही, मालकीचा पुरावा जोडणे. गिटारी सोमवारी आणायच्या, तीन दिवस तपासणीला ठेवायच्या, मग व्यवहार.

“तपासणी!” बाबा अर्ज दिव्यासमोर धरून म्हणाले. “बघितलंस? आजोबा म्हणाले तेच.”

मालकीच्या पुराव्याने शनिवार खाल्ला. मावशीला कळवलं. तिने कुठल्यातरी जुन्या डब्यातून बिल शोधून त्याचा फोटो पाठवला. बिलावर लिहिलं होतं: एक लाल गिटार, एक पट्टा, एक स्टूल. बाबा म्हणाले, बिलात तीन वस्तू आणि आपण एकच देतोय, ही तफावत आहे. मग आम्ही तासभर स्टूल शोधलं. ते सीलआजोबांकडे सापडलं. आजी त्यावर उभी राहून जाळी काढते. आजोबांनी ते परत द्यायला साफ नकार दिला आणि पुरावा मागितला. आम्ही बिल दाखवलं. ते म्हणाले, बिलावरचं स्टूल हेच कशावरून? त्यावर खूण कुठे आहे?

हवालदारचा पुरावा त्याहून वाईट. भंगारवाल्याने दिलेल्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: “जुनं लाकूड, चार किलो, तारा धरून.” बाबांनी पेन उचललं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं, आणि अर्जात वस्तूचं वर्णन म्हणून “लाकूड (वाजणारे)” असं लिहिलं. लिहिताना त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

कलम सात होतं: “वस्तूवर काही ओळखीच्या खुणा असल्यास.” बाबांनी घसा खाकरला, इकडेतिकडे बघितलं आणि लिहिलं, “नाहीत.” आई त्याच वेळी खिडकीचा पडदा सारखा करत होती. मी माझ्या नखांकडे बघत होते.

रविवारचा दिवस मोठा चमत्कारिक गेला. दोन वर्षं ज्या गिटारींना सगळे “तो पसारा उचल आधी” म्हणत आले, त्यांच्याशी त्या दिवशी जो तो प्रेमाने वागत होता. आई म्हणाली, “जायच्या आधी मी जरा पुसून घेते त्यांना,” आणि लाल पेन कानामागे ठेवून माझ्या खोलीचं दार लावून बसली. आई पुसायला पेन नेते? पण मी विचारलं नाही, कारण मीही सकाळी त्यांना एकटीच “भेटून” आले होते. दुपारी धडाम आणि सायरन निरोप द्यायला आल्या आणि प्रत्येकीने “मला दोन मिनिटं एकटीला सोड” असं सांगितलं. धडामच्या खिशातून कंपासपेटीचा आवाज येत होता. सीलआजोबा “बघू तरी कशा असतात या” म्हणून आले. ते गेल्यावर खोलीत जळकट वास होता. आणि सगळ्यांत शेवटी बाबा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आत गेले ते पाऊण तासाने बाहेर आले. कोपरापर्यंत घामाघूम. “स्क्रू घट्ट केले,” ते म्हणाले. पाऊण तास! कपाटाचा एक स्क्रू दोन वर्षं तसाच लोंबकळतोय.

मला संशय आला. पण संशय आलेला माणूस आणि संशय घेण्यासारखं वागलेला माणूस एकच असला की तो गप्प बसतो.

सोमवारी गिटारी दिल्या. बाबांनी पोचपावती घेतली, आणि पावती मिळाल्याची पावती लिहून दिली. त्यानंतरचे तीन दिवस माझी खोली मोठी झाली होती. भिंतीवरचे दोन खिळे माझ्याकडे बघत होते. घूंऽऽ ऐकू येत नव्हतं. मी दोनदा फ्रीजला कान लावून आले, तो साधारण तसाच आवाज करतो, पण त्यात जीव नाही.

गुरुवारी काकांचा फोन आला. आवाज शुक्रवारसारखा नव्हता. “घरातल्या मोठ्या माणसांना घेऊन या. खुणांबाबत बोलायचं आहे.”

मोठी माणसं म्हणजे आई, बाबा आणि मी एवढंच ठरलं होतं. पण सीलआजोबा जिन्यातच टोपी घालून उभे होते, आणि कोपऱ्यावर धडाम-सायरन “सहज” भेटल्या. असे आम्ही सहाजण दुकानात शिरलो. दुकान छोटं होतं. सायरनचं कोपर एका झांजेला लागलं आणि सभेला प्रारंभ झाला.

काकांनी दोन्ही चष्मे नाकावर, एकावर एक लावले. समोर वही उघडली.

“साहेब, हा अर्ज तुमच्या सहीचा आहे. कलम सात. ओळखीच्या खुणा, नाहीत.”

“नाहीतच,” बाबा म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. हे कान जर एखाद्या दावेदाराचे असते तर बाबांनी त्याला तिथेच धरला असता.

“बरं. खूण एक. लाल गिटार. तिसऱ्या खुंटीच्या खाली जांभळ्या नेलपॉलिशचा ठिपका.”

सगळ्यांनी माझ्या नखांकडे बघितलं. मी हात पाठीमागे घेतले, पण वेळ गेली होती.

“खूण दोन. पट्टा अडकवायच्या गुंडीखाली टोकदार वस्तूने कोरलेला डबा.”

“तो ड्रम आहे!” धडाम भडकली.

“खूण तीन. हिरव्या गिटारीच्या मानेमागे चमकता चांदणीचा स्टिकर.”

“मी नाही,” सायरन म्हणाली. तिच्या वहीवर, बाटलीवर आणि चपलेवर त्याच चांदण्या होत्या.

“खूण चार. हिरवी गिटार, मागच्या झाकणाची आतली बाजू. लाल शाईची सही, तारीख, वेळ अकरा वाजून दहा मिनिटं. शेजारी लिहिलंय, ‘तपासले’.”

बाबा हळूहळू आईकडे वळले. “तू?”

“तपासले हे सवयीनं लिहिलं गेलं,” आई म्हणाली.

“अगं, पण मला सांगायचं तरी! मी अर्जावर सही केली!”

“अहो, तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही कलम सातात लिहिलं असतं. मग ती गुपित खूण कशी राहिली असती?”

बाबा खिशातली पोचपावती काढून वाचू लागले, कारण त्यांनी स्वतः याच विचाराने तेच केलं होतं. पण ते अजून बाहेर यायचं होतं.

“खूण पाच. दोन्ही गिटारी. मानेच्या स्क्रूवर लाख. त्यावर काहीतरी गोल उमटवलंय.”

“मोहोर सरकारी नाही, खाजगी आहे,” सीलआजोबा ताठ उभे राहून म्हणाले. “चष्म्याच्या पेटीचं बटण. छत्तीस वर्षांत माझं सील कुणी फोडलेलं नाही.”

“आमच्या दुरुस्तीवाल्या बाईंनी फोडलं. सव्वा तास लागला.”

आजोबांच्या चेहऱ्यावर दुःख आणि अभिमान यांची जी काही मारामारी झाली, ती बघण्यासारखी होती.

काकांनी वही मिटली. “पंचवीस वर्षं दुकान चालवतोय. पाच माणसांच्या पाच खुणा, आणि अर्जात एकही नाही. अशा वस्तू माझ्याकडे दोनच ठिकाणांहून येऊ शकतात. चोराकडून, नाहीतर कोर्टातून. तुम्हीच सांगा, मी काय समजू?”

चोर! बाबांना! ज्या माणसाने एकदा बसमध्ये सापडलेली छत्री परत करायला तीन शेवटच्या थांब्यांपर्यंत प्रवास केला! बाबांनी आयुष्यभर लोकांकडे ज्या नजरेने बघितलं ती नजर आज समोरून त्यांच्याकडे येत होती, आणि तिच्यासमोर कसं उभं राहायचं हे त्यांना माहीत नव्हतं. ते एकदम दहावीतल्या मुलासारखे दिसू लागले. मला आधी हसू आलं, मग नाही आलं.

तेवढ्यात मागच्या खोलीचा पडदा बाजूला झाला आणि दुरुस्ती करणाऱ्या बाई बाहेर आल्या. त्यांच्या हातात अंड्यांचा ट्रे होता, प्रत्येक खळग्यात वेगवेगळे स्क्रू. वायरी जोडायच्या सोल्डरवरून काका त्यांना सोल्डरताई म्हणत. ताईंनी ट्रे ठेवला, काखेतली मिरची टेबलावर पालथी केली, तिचं मागचं झाकण काढलं, आणि म्हणाल्या, “पाच नाही, सहा. हे कुणी केलंय ते मला कळलंच पाहिजे.”

आम्ही सगळे वाकलो. मिरचीच्या पोटात, जिथे तिच्या वायरी असतात, तो सगळा खळगा तळापासून काठापर्यंत चंदेरी धातूच्या पट्टीने मढवलेला होता. सुरकुती नाही, फट नाही. पट्टीवर बारीक अक्षरांत पुन्हा पुन्हा छापलं होतं: हे सील तोडल्यास दावा बाद. हे सील तोडल्यास दावा बाद.

बाबांनी छताकडे बघितलं.

“बाबा,” मी म्हटलं, “कपाटाचा स्क्रू दोन वर्षं लोंबकळतोय.”

“अर्धवट लावलेलं सील म्हणजे सील नव्हे,” बाबा अगदी लहान आवाजात म्हणाले. “ऑफिसात तपासलेल्या मालाच्या पेट्यांना लावतो आम्ही. उरलेलं होतं थोडं.”

सोल्डरताई काही बोलायच्या आत आई पुढे सरसावली. आपल्या नवऱ्याला चोर म्हटलेलं तिला पचलेलं नव्हतं. तिने पर्समधून चष्मा काढला, मिरची हातात घेतली आणि परीक्षेच्या वर्गात जशी बाकांमधून फिरते तशी तिच्यावरून नजर फिरवली. दुकानात टाचणी पडली असती तरी आईने ती कुणाची ते सांगितलं असतं.

“आणि ही सातवी कुणाची?” तारा जिथे अडकतात त्या पट्टीच्या खाली पेन्सिलची एक बारीकशी फुली होती. “माझी नाही. यांची नाही. मुलींनो?”

आम्ही माना हलवल्या. आजोबा म्हणाले, “पेन्सिल? छे. पुसली जाते.”

“पेन्सिल चपटी आहे,” आई म्हणाली. “सुतारकामाची. तुमच्या कानामागे आहे तशी.”

काकांनी कानामागे हात नेला आणि तो तिथेच ठेवला.

“पाणी प्यायला पाठवलंत मला!” मी ओरडले. सायरनसुद्धा दचकली.

“हे बघ,” काका म्हणाले, आणि त्यांनी दोन्ही चष्मे एकदम काढून टाकले, “गिऱ्हाईक चांगली गिटार दाखवतं, आणि व्यवहाराच्या दिवशी आतलं काढून टाकाऊ घालून आणतं. मी तीनदा फसलोय. तू विचारलंस आणि दोन दिवसांत खरोखर घेऊन आलीस. इतक्या लवकर कोण येतं? मला संशय आला.”

“तुम्ही इतक्या लवकर हो म्हणालात म्हणून आम्हाला आला!”

“आता तेच सांगा,” आई म्हणाली. “हो का म्हणालात? आणि म्हणताना खिडकीकडे का बघितलंत? जरा ती निळी उलटी करा.”

“कशाला?”

“करा तर.”

काकांनी खिडकीतली निळी उतरवली आणि नाइलाजाने फिरवली. पाठीमागून ती गर्द, शाईसारखी निळी होती. पुढून मात्र दहा वेळा धुतलेल्या गणवेशासारखी. आम्ही एकदा पुढे बघितलं, एकदा मागे.

“दोन रंगांत येते,” काका म्हणाले. मग आईकडे बघून म्हणाले, “चार वर्षं त्या उन्हात टांगली आहे. वाजते उत्तम, एका तारेची तक्रार नाही. पण चार वर्षांत कुणी आत येऊन तिची चौकशी केली नाही. हिने केली. तोंडातून हो निघून गेलं.”

खोटं सांगत नाही, मला त्या निळीबद्दल एकदम माया वाटली. एका जागी गप्प टांगून राहायचं आणि कुणी विचारेल म्हणून वाट बघायची, हे मला ऐकीव माहितीवरून कळत नाही.

“मग आता काय?” काका म्हणाले. “सगळ्यांच्या सगळ्या खुणा बाहेर आल्या. माझा शब्द अजून आहे. या दोन द्या, निळी घ्या. कलम सात मी खोडतो.”

बाबांनी माझ्याकडे बघितलं. आईने बघितलं. आजोबांनी, धडामने, सायरनने. प्रत्येकाच्या तोंडावर सल्ला तयार होता. मी म्हटलं, “आधी तिन्ही वाजवून बघते.” हे मी विचारलं नाही, सांगितलं.

निळी आधी वाजवली. काका खरं बोलत होते. स्वच्छ, सरळ, जिथे बोट ठेवावं तिथे स्वर. कार्यक्रमात हिच्यामुळे कुणी वेळेआधी टाळ्या वाजवणार नाही. आता निर्णय सोपा होता आणि म्हणूनच मला तो नको होता.

मग मिरचीला वायर जोडली. आणि काहीच नाही. घूंऽऽ नाही. खाकरणं नाही. मी बटण फिरवलं, तरी शांत.

“मेली,” मी म्हटलं. “तपासणीत मारलीत तुम्ही माझी मिरची!”

“वाजव तर आधी,” सोल्डरताई म्हणाल्या.

मी तार छेडली. आवाज असा आला की काकांच्या कपाळावर परत चढवलेला चष्मा आपोआप नाकावर उतरला. तोच मिरचीचा तिखट आवाज, पण कुणीतरी तिच्या तोंडावरची उशी काढल्यासारखा. मी गेल्या वर्षी अर्धवट राहिलेलं गाणं सुरू केलं, मध्यावर आले, तिथे गप्प बसायची तिची जागा आली, आणि ती बसली नाही. सायरनला राहवलं नाही. तिने उरलेली दोन्ही कडवी तिथेच गाऊन टाकली. रस्त्यावरची दोन माणसं आत डोकावून गेली.

“मधे बंद पडायची ती एक वायर सुटली होती म्हणून. उघडलंच होतं, तर जोडून टाकली,” सोल्डरताई म्हणाल्या. “पण ती घूं-घूं मी नाही घालवली. ही घूं-घूं बाहेरून येते, दिव्यांची, पंख्यांची. ती अडवायला आम्ही आतून धातूचा पत्रा लावतो. दोन तासांचं काम असतं, आणि इतकं नीट मलाही जमत नाही. अर्थिंगच्या वायरीलासुद्धा बरोबर टेकलंय. साहेब, तुम्ही कुठे शिकलात?”

बाबांनी खिशातून रुमाल काढला आणि उगीचच पेन पुसलं. “मी फक्त संशय घेतला होता,” ते म्हणाले.

हवालदारला जोडलं. तो गुरगुरला. नेहमीसारखा.

“त्याला का नाही लावलं?” मी विचारलं.

“पट्टी संपली. आणि खरं सांगू का,” बाबा ओशाळून म्हणाले, “चार किलो लाकूड. वाटलं, याच्यातलं कोण काय चोरणार?”

आम्ही दुकानाच्या पायऱ्यांवर आलो. आत काका निळी पुन्हा खिडकीत टांगत होते. बाजूला सीलआजोबा सोल्डरताईंना सील न फुटण्यासाठी लाखेत काय मिसळावं ते समजावत होते आणि त्या कपाळाला हात लावून ऐकत होत्या. आई म्हणत होती, रंगाचं सोडा, पण निळी घेतलेली बरी, कार्यक्रम तोंडावर आहे. बाबा म्हणत होते, मिरची आज वाजली, पण आजच का वाजली, हे तपासायला हवं. दोघांनाही माझ्याशी बोलायचं होतं आणि दोघे एकमेकांशीच बोलत होते.

मी मिरची पाठीला लावली, हवालदारला बखोटीला धरलं, आणि दोघांच्या मधोमध जाऊन उभी राहिले.

“आई, बाबा, ऐका. मी ठरवलंय. यातली एकही गिटार कुठे जाणार नाही. कार्यक्रमात मिरची वाजेल, पुढच्या वर्षी हवालदार. काकांना मी आताच जाऊन सांगणार आहे, आणि त्यांच्या निळीला आत, सावलीतल्या भिंतीवर टांगा हेही सांगणार आहे. चिठ्ठी लिहून नाही, तोंडाने.”

आईने खुशाल डोळे पुसले. बाबा बहुधा गॅसच्या सिलेंडरवर जाणार होते.

“आणि बाबा,” मी म्हटलं, “उद्या ऑफिसातून येताना ती पट्टी जास्त आणा. हवालदारवरही घ्या की जरा संशय.”